नायगावात त्या दिवशी मॅजिस्ट्रेट नव्हता

पुण्याहून बाइक काढून महाबळेश्वरला गेला असाल, तर तुम्ही नायगावच्या बाजूने गेलेले आहात. लक्षात आलं नसेल, पण गेलेले आहात. नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. मग शिरवळ, मग खंडाळा (लोणावळ्याच्या शेजारचं नव्हे, हे साताऱ्यातलं), मग खंबाटकी घाट. तिथून सुरूर फाटा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी आणि शेवटी एकदाचं स्ट्रॉबेरी विथ क्रीम. या रस्त्याला शिरवळ सोडल्यावर डाव्या हाताला आत गेलं की नायगाव. सावित्रीबाई फुल्यांचं माहेर.

सावित्रीबाई म्हटलं की आपल्या डोक्यात एक ठरलेली फिल्म सुरू होते. भिडेवाडा, अंगावर फेकलेले शेणगोळे, पिशवीत ठेवलेलं दुसरं लुगडं. ३ जानेवारीला शाळेत भाषण केलेल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. त्यात खोटं काही नाही. पण या फिल्ममध्ये बाई फक्त सहन करताना दिसते. लोक फेकतात, ती पुढे चालते. मला तुम्हाला सांगायची आहे ती सावित्रीबाई वेगळी आहे. ती मारणाऱ्या जमावाच्या आडवी गेली आणि तिने त्यांना थांबवलं. तेही हातात काठी, पद, शिक्का असलं काहीही नसताना.

तारीख आहे २९ ऑगस्ट १८६८. त्या दिवशी नायगावातून तिने नवऱ्याला, म्हणजे जोतीरावांना, पत्र लिहिलं. जोतीरावांना लिहिलेली तिची तीन पत्रं आज आपल्याला माहीत आहेत. एक १८५६ चं, एक हे, आणि एक १८७७ च्या दुष्काळात जुन्नर भागातल्या ओतूरहून लिहिलेलं. तीनपैकी दोन माहेरून. पत्र वाचताना असं वाटतं की बाई घाईत आहे, घडलेलं सगळं एका दमात सांगून टाकते आहे.

तर झालं असं. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव फिरून पंचांग सांगायचा आणि त्यावर पोट भरायचा. फिरत फिरत तो या भागात आला. इथे त्याचं शारजा नावाच्या मुलीशी जमलं. शारजा महार समाजातली. तिला सहावा महिना लागला तेव्हा गावाला कळलं. मग काय, गावकऱ्यांनी दोघांना पकडलं, मारत मारत गावातून फिरवलं आणि जीवच घ्यायचा असं ठरवलं. सावित्रीबाईच्या कानावर हे आलं आणि ती धावली. जमावासमोर उभी राहून तिने एकच गोष्ट लावून धरली, की तुम्ही यांना मारलंत तर इंग्रज सरकारचा कायदा तुम्हाला सोडणार नाही. लोक बिचकले. मारण्याचा बेत मागे पडला. त्यांच्यातल्या सदूभाऊने मग अट घातली, की दोघांनी गाव सोडून जायचं. दोघं तयार झाले. जीव वाचल्यावर ती दोघं तिच्या पायाशी रडत बसली, तिने त्यांची समजूत काढली आणि त्यांना पुण्याला जोतीरावांकडे धाडून दिलं.

आता इथे जरा थांबा. इंडियन पीनल कोड तयार झालं १८६० मध्ये आणि लागू झालं १ जानेवारी १८६२ पासून. म्हणजे त्या दिवशी हा कायदा अवघ्या साडेसहा वर्षांचा होता. साताऱ्याचं संस्थान इंग्रजांनी खालसा केलं १८४८ मध्ये, त्याला वीस वर्षं झाली होती. तेव्हा मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात कारभार घेऊन महाबळेश्वरला बसायचा आणि पावसाळ्यात पुण्याला उतरायचा. म्हणजे सरकार दरवर्षी याच पट्ट्यातून वरखाली जायचं. पण नायगावच्या त्या रस्त्यावर ऑगस्टमध्ये ना पोलीस होता, ना मॅजिस्ट्रेट. जमावाला कायदा ज्या कोणी सांगितला ती होती त्यांच्याच गावच्या पाटलाची मुलगी.

आजच्या भाषेत याला तातडीचा संरक्षण आदेश म्हणता येईल. मी ओढूनताणून म्हणत नाहीये. अशा आदेशाचा गाभा काय असतो? धोका आत्ता आहे, सुनावणीची वाट बघायला वेळ नाही, म्हणून मारणाऱ्याला आत्ताच सांगायचं की थांब, नाहीतर परिणाम भोगावे लागतील. आणि मार खाणाऱ्याला आत्ताच सुरक्षित जागी हलवायचं. सावित्रीबाईने नेमकं हेच दोन्ही केलं. फरक एवढाच की आदेशावर सही नव्हती.

मग लोकांनी तिचं ऐकलं का? मला हा प्रश्न जास्त इंटरेस्टिंग वाटतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सावित्रीबाईचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची, जोतीराव तेरा वर्षांचे. म्हणजे आजच्या हिशोबाने चौथीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. शिकली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. पुढे तिने शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सतरा वर्षांची ही बाई तिथे शिकवायला उभी राहिली. हा सगळा भाग तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे मी त्यात जास्त वेळ घालवत नाही.

त्यानंतर जे झालं ते आपल्या विषयाच्या जास्त जवळचं आहे. १८४९ मध्ये सासरे गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. शाळा सोडा नाहीतर घर सोडा, असा तो मामला होता. समाजाचा दबाव गोविंदरावांवर होता हे खरं, पण बाहेर पडायची वेळ आली ती या दोघांवर. अठरा वर्षांची सून, स्वतःची कमाई नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर. त्यांना दार उघडलं ते उस्मान शेख यांनी, गंज पेठेत. त्याच घरातली फातिमा शेख पुढे सावित्रीबाईची सहकारी झाली.

म्हणजे बघा, घरातून काढलं जाणं म्हणजे काय हे सावित्रीबाईला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न तिने स्वतः सोसला होता. पुढच्या आयुष्यात ती ज्या बायकांसाठी उभी राहिली, त्यांना तिने उपदेश केल्याचं फारसं दिसत नाही. ती आधी जागा देते. माझ्या मते याचं मूळ १८४९ मध्ये आहे.

तिचं स्वतःचं लग्न मात्र सुरक्षित होतं. मूल होत नाही म्हणून जोतीरावांनी दुसरी बायको करावी असा घरच्यांचा आग्रह होता आणि त्यांनी तो धुडकावला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या काळात मूल नाही एवढं कारण बाईला सवत आणायला, माहेरी पाठवायला किंवा रोज बोलून बोलून जीव नकोसा करायला पुरायचं. आजही किती घरांत पुरतं, हे तुमच्या-माझ्या बिल्डिंगमध्ये बघितलं तरी कळेल.

१८५६ चं पत्र नायगावचंच आहे. ती आजारी पडली म्हणून माहेरी आली होती. पुण्यात शाळेचं काम एकट्या फातिमावर पडलं असेल याची काळजी त्या पत्रात आहे. आणि भाऊ काय म्हणाला तेही आहे. तुम्हा दोघांना जातीने वाळीत टाकलंय, महारामांगांसाठी करता ते पाप आहे, जातीच्या रीतीने वागा, असा त्याचा सूर. बाई आजारी आहे, माहेरी आहे, समोर सख्खा भाऊ आहे. अशा वेळी बहुतेक जण हो हो म्हणून विषय संपवतील. तिने भावाला सुनावलं. शेळीला, गाईला कुरवाळता, नागपंचमीला नागाला दूध पाजता, मग तुमच्यासारखीच माणसं असलेले महार-मांग तुम्हाला अस्पृश्य का, असं विचारलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, असं ती लिहिते.

आता लक्षात येतंय का, बारा वर्षांनंतर त्याच गावात जमावासमोर ती एकदम उगवलेली नव्हती. गाव तिला ओळखत होतं. ही पाटलाची मुलगी आहे, पुण्यात शाळा चालवते, सरकारने जिच्या नवऱ्याचा १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सत्कार केला ती ही बाई. ती सरकारचं नाव घेते तेव्हा ते पोकळ वाटत नाही. ही पोलिसात जाईल, साक्ष देईल, मागे हटणार नाही, एवढं समोरच्याला पटलं असणार. कायद्याचा धाक कागदाला नसतो, तो कायदा कोण वापरणार आहे यावर असतो. तिथे तो वापरणारी बाई समोर उभी होती.

मधल्या काळात पुण्यात आणखी एक गोष्ट घडली होती. १८६३ ची. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवाने तिचा गैरफायदा घेतला, दिवस गेले, आणि तो हात झटकून मोकळा झाला. काशीबाईने बाळाला जन्म दिला आणि बदनामीच्या भीतीने त्याला मारून टाकलं. पोलिसांनी पकडलं. शिक्षा झाली जन्मठेप, अंदमानला. शास्त्रीबुवाला काय झालं? काहीही नाही.

हा तोच पीनल कोड, तेच सरकार. कायदा काशीबाईपर्यंत पोचला, पण कधी? बाळ मेल्यावर. ती पोटुशी असताना, घाबरलेली असताना, कुणाच्या दारात जाऊ असं विचारत असताना तिच्यासाठी कायद्यात एक ओळ नव्हती. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये होऊन गेला होता, पण तिच्या हातात त्याचा उपयोग काय?

फुले दांपत्याने मग आपल्याच घरात, गंज पेठेत, बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नाव अगदी सरकारी वाटतं, पण काम साधं होतं. अडलेल्या विधवेने इथे यावं, गुपचूप आणि सुरक्षित बाळंत व्हावं. मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवून जावं, त्याचं आम्ही बघू. याच्या जाहिराती छापून त्यांनी ब्राह्मण वस्तीतल्या कोपऱ्या-कोपऱ्यांवर चिकटवल्या. विचार करा, १८६३ च्या पुण्यात भिंतीवर असली जाहिरात! शिव्या किती बसल्या असतील. पण जी बाई चार भिंतींच्या आत आहे तिला बातमी कळणार कशी, हा प्रश्न त्यांनी सोडवला. १८८४ मध्ये जोतीरावांनी सरकारला पाठवलेल्या निवेदनात लिहिलंय की तोवर ३५ विधवा तिथे बाळंत होऊन गेल्या होत्या. पेशव्यांच्या पुण्यात, वीस वर्षांत, ३५. आकडा छोटा वाटतो का? यातली प्रत्येक बाई काशीबाई होऊ शकली असती.

त्या ३५ बायकांची बाळंतपणं, पथ्यपाणी, रडारड, तान्ही मुलं, हे घरात कोण बघत होतं, हे सांगायला नको. जोतीरावांनी कल्पना मांडली असेल, पण रात्री दोन वाजता दार वाजल्यावर उठणारी सावित्रीबाई होती. इतिहासाच्या पुस्तकात या घराला एक ओळ मिळते. शाळेला चार पानं. मला हे उलट हवंय असं नाही, पण निदान एक पान?

तर गणेश आणि शारजा पुण्याला जोतीरावांकडे गेले, म्हणजे त्याच घराच्या दिशेने गेले. सहावा महिना असलेली मुलगी आणि बाळंतपणासाठी पाच वर्षं उघडं असलेलं दार. नायगावातला आदेश टिकला तो त्याच्या मागे हे दार होतं म्हणून. नुसतं मारू नका म्हणून ती निघून गेली असती, तर दुसऱ्या रात्री काय झालं असतं, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही.

पण एक गोष्ट मला खटकते, आणि ती तुम्हालाही खटकली असेल. गाव सोडून कोण गेलं? मारणारे गेले नाहीत. मार खाणारे गेले. शारजाचं घर, तिची माणसं, तिची पांढरी, सगळं मागे राहिलं. सावित्रीबाईने त्या क्षणी जीव वाचवला, त्यापलीकडे काही मागायची सोय नव्हती. ती अट तिची नव्हती, गावाची होती, आणि ती मान्य करण्यात शहाणपण होतं. तरी ते खटकतं, कारण दीडशे वर्षांनंतरही हेच चालू आहे. नवरा मारतो आणि बॅग बाई भरते.

आपल्याकडचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात ही गोष्ट उलटी करायचा प्रयत्न आहे, आणि कॉलेजातल्या मुला-मुलींना तो माहीत असायला हवा. कारण तो फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, लग्न न करता जोडीदारासोबत राहणारी मुलगी, सगळ्या त्यात येतात. आणि मारहाणच नाही, तर सततचा अपमान, धमक्या, पैसे अडवणं हेही हिंसाचारच. बाई ज्या घरात राहते तिथून तिला हुसकावता येत नाही, घर कुणाच्याही नावावर असो. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिचा राहण्याचा हक्क संपत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. उलट मॅजिस्ट्रेट मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर जायला सांगू शकतो. १८४९ च्या सावित्रीबाईला हे मिळालं असतं तर, असा विचार सहज मनात येतो.

वेगाबद्दल कायदा म्हणतो की अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत पडावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. परिस्थिती गंभीर असेल तर समोरच्याचं म्हणणं ऐकायच्या आधीच, बाईच्या प्रतिज्ञापत्रावर मॅजिस्ट्रेट अंतरिम आदेश देऊ शकतो. हाच तो तातडीचा आदेश. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कागदावर बघाल तर यात नायगावच्या त्या दिवसातलं सगळं आहे. थांब म्हणणं आहे, परिणाम आहे, निवारागृहही आहे.

मग अडतं कुठे? तीन दिवस म्हणजे तीन दिवस हे अनेकदा कागदावरच राहतं. नोटीस बजावली गेली नाही, संरक्षण अधिकाऱ्याकडे दुसऱ्याच खात्याची चार कामं आहेत, मग पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख. आणि अंतर. महाबळेश्वर म्हटलं की आपल्याला वेण्णा लेक आठवतो, पण हा तालुका खाली कोयनेच्या खोऱ्यात, तापोळ्याच्या बाजूला उतरतो. तिथल्या काही वाड्यांना बाहेर पडायला लाँच लागते. जुलै-ऑगस्टमध्ये या डोंगरावर हजारो मिलीमीटर पाऊस कोसळतो, एसटी कधी येते कधी येत नाही, मोबाइलला रेंज नाही. अशा वाडीतल्या बाईला रात्री मार बसला, तर तिच्यापर्यंत आदेश किती तासांत पोचेल? आणि पोचला, तर सकाळी तो मोडणाऱ्याला कोण अडवणार? कायद्याने तिला एक सोय जरूर दिली आहे. ती तात्पुरती जिथे राहायला गेली असेल, समजा वाईला बहिणीकडे, तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. पण त्यासाठी आधी वाईला पोचावं लागतं.

यात दोष कायद्याचा आहे असं मला वाटत नाही. नायगावात आदेश चालला कारण देणारी व्यक्ती तिथे हजर होती, तिच्या बोलण्यामागे शिक्षा खरोखर येऊ शकते हे समोरच्यांना पटलं होतं, आणि पुण्यात दार उघडं होतं. यातलं काहीही एक काढा आणि गोष्टीचा शेवट बदलून बघा.

आणि आदेश नेहमी बाईच्या बाजूनेच असतो असंही समजू नका. सावित्रीबाई पुण्यात काम करत होती त्याच काळात मुंबईत रखमाबाईचा खटला गाजत होता. लहानपणी लग्न झालेली रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला जायला तयार नव्हती. १८८७ मध्ये कोर्टाने आदेश दिला, की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग निवडला. शेवटी प्रकरण तडजोडीने मिटलं, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली, पण कोर्टाचा कागद बाईला घरात ढकलण्यासाठीही निघत होता, हे विसरायला नको. वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेची तरतूद हिंदू विवाह कायद्यात आजही आहे.

तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल तर एवढं सांगून ठेवते. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१, आणि जीवावर बेतलं असेल तर ११२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. अर्ज तिने स्वतःच करायला हवा असं नाही, तिच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. हिंसाचार होतोय किंवा होणार आहे असं वाटलं तर संरक्षण अधिकाऱ्याला कळवण्याचा हक्क कुणालाही आहे. शेजाऱ्याला, मैत्रिणीला, तुम्हाला. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा टीव्हीचा व्हॉल्यूम वाढवायचा की फोन उचलायचा, हे ठरवताना हे कलम उपयोगी पडेल.

सावित्रीबाईची पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. बालहत्या प्रतिबंधक गृहात काशीबाई नावाच्याच आणखी एका विधवेला मुलगा झाला. १८७४ मध्ये फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतलं, नाव ठेवलं यशवंत. विधवेचा मुलगा म्हणून त्याला मुलगी द्यायला लोक तयार नव्हते. ग्यानोबा ससाणे यांनी दिली, १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने लग्न लागलं. पुढच्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून नातेवाइकांनी वाद काढला, यशवंत दत्तक म्हणून. सावित्रीबाई पुढे झाली आणि टिटवं स्वतः धरून चालली. बाईने हे करायचं नसतं, तिथे तिने कुणाला विचारलं नाही. १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक समाजाच्या परिषदेची ती अध्यक्ष होती.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. यशवंत तोवर डॉक्टर झाला होता. सावित्रीबाईने त्याला बोलावून घेतलं आणि गावाबाहेर, ससाण्यांच्या माळावर, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडायला लावला. ती स्वतः रोगी शोधून आणायची. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा सहासष्ट वर्षांची ही बाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आली. पांडुरंग वाचला. तिला लागण झाली. १० मार्च १८९७ ला ती गेली, त्याच माळावर, जो मुलगा कधीकाळी तिच्याच घरात गुपचूप जन्मला होता त्याच्या दवाखान्यात.